घोडा, व्हॉल्ट आणि गुरुवारची रेड

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ३१, नोकरी, लग्नाला चार वर्षं. गेली तीन वर्षं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतोय. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) हीलर आहे, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारा. सोमवारी आणि गुरुवारी साडेआठ ते साडेअकरा रेड असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठे शत्रू (बॉस) मारायचे. आम्ही साधारण अठरा जण असतो, चार हीलर. हिरोइक या काठिण्यपातळीच्या वर जात नाही, आठवड्याला सहा-सात बॉस पडतात. बाकीच्या दिवशी दीड-दोन तास: तीन पात्रांवर वर्ल्ड क्वेस्ट (छोटी कामं), व्हॉल्टसाठी (आठवड्याच्या बक्षिसाच्या पेटीसाठी) आठ डंजन (छोट्या गटाच्या मोहिमा), आणि दर आठवड्याला तिन्ही पात्रांवर लिच किंग या बॉसला मारून नशिबाने मिळणारा घोडा. आतापर्यंत १४० वेळा लिच किंगला मारलं, घोडा पडला नाही. मुख्य पात्राचा खेळलेला वेळ १४२ दिवस दाखवतो. झोपायला दोन वाजतात. दोनदा बायकोला 'ऑफिसचं काम आहे' असं सांगून रेड केली. मागच्या महिन्यात सबस्क्रिप्शन बंद केलं, दहा दिवस टिकलो, गुरुवारी परत आलो. बायको म्हणते हे व्यसन आहे. मला तर मजा येते. मग हे नेमकं काय? गेम सोडायलाच हवा का?"

तुम्ही दिलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात करू. १४२ दिवस म्हणजे ३,४०८ तास. तीन वर्षांवर वाटले तर रोजचे तीन तासांहून थोडे जास्त, आठवड्याचे जवळजवळ २२. तुम्ही सांगता तो हिशेब (रेडचे सहा आणि बाकी पाच दिवसांचे फार तर दहा) १६ पर्यंतच जातो. शिवाय १४२ हा आकडा एकट्या मुख्य पात्राचा आहे, उरलेल्या दोघांचा वेळ त्यात नाही. त्या दोघांवर जाऊन चॅटमध्ये तिरपी रेघ आणि पुढे इंग्रजीत 'प्लेड' टाइप करा. दोन आकडे येतील, एकूण वेळ आणि सध्याच्या लेव्हलवरचा वेळ. एकूण घ्या आणि बेरीज करा. शहरात नुसतं उभं राहून चॅट वाचलेला वेळही त्यात धरलेला असतो. तो वजा करायचा मोह होईल. करू नका, तोही तुमच्याच रात्रीतून गेलाय.

तुम्ही खोटं बोलताय असं आम्हाला म्हणायचं नाही. अशा खेळात वेळेचा अंदाज चुकतोच, कारण खेळाचे तुकडे लहान असतात. एक वर्ल्ड क्वेस्ट पाच मिनिटांची, पुढची तिथेच शेजारी. 'एवढं एक' दहा वेळा झालं की तास गेला, आणि तो आठवणीत एका तासासारखा राहत नाही.

आता तुमच्या पत्रातला आम्हाला सगळ्यात बोलका वाटलेला शब्द: गुरुवारी. दहा दिवस गेम बंद होता आणि तुम्ही परतलात ते रेडच्या दिवशी. वर्ल्ड क्वेस्ट करायच्या असत्या तर त्या मंगळवारीही होत्या, घोडा रविवारीही होता. तुम्हाला ओढून आणलं ते साडेआठला व्हॉइस चॅटवर येणाऱ्या सतरा जणांनी. आपण बंद केलं ते व्यसन, अशी तुमची समजूत होती. प्रत्यक्षात सुक्याबरोबर ओलंही जाळलंत: नको असलेल्या कामांबरोबर मित्रही गेले, आणि त्या दोन रात्रींच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. ते टिकणार कसं?

म्हणून 'सोडू की नको' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तुमच्या तासांमध्ये दोन जातींचे तास मिसळलेत, ते आधी वेगळे करा. रिचर्ड बार्टल हे १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या मडच्या, म्हणजे या सगळ्या खेळांच्या पूर्वजाच्या, दोन कर्त्यांपैकी एक. त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात रमणारे. एकच माणूस सहसा एका प्रकारात बसत नाही, पण कल कळतो. तीन वर्षं हीलर राहिलेला, रेडच्या दिवशी परतणारा माणूस तिसऱ्या प्रकारचा असण्याची शक्यता दाट. आणि पत्रातली निम्म्याहून अधिक कामं मात्र पहिल्या प्रकारची आहेत.

दोन आठवडे कागदावर नोंद ठेवा. कागदावरच, फोनमध्ये नको, कारण फोन उचलला की डिस्कॉर्ड (गिल्डच्या गप्पांचं ॲप) उघडतंच. चार रकाने आखा: बसलो कधी, उठलो कधी, काय केलं, आणि 'हाच वेळ परत मिळाला तर हेच करीन का'. चौथ्या रकान्यात फक्त हो किंवा नाही. तो लॉगआउट केल्या केल्या भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भरला तर झोप कमी झाल्याचा राग सगळ्यालाच 'नाही' लिहायला लावतो, आणि रेडसुद्धा फुकट गेल्यासारखी वाटते. एका बैठकीत तीन कामं केली तर तीन ओळी लिहा. पहिले तीन दिवस हिशेबात धरू नका. नोंद ठेवतोय म्हटल्यावर प्रत्येक जण आधी शहाण्यासारखाच वागतो.

नोंद काय सांगेल हे आत्ताच ठरवणार नाही, पण तीन ठिकाणी कात्री लावायला नोंदीची वाट पाहायची गरज नाही.

पहिलं ठिकाण व्हॉल्ट. ग्रेट व्हॉल्टमध्ये तीन रांगा, नऊ खाने. रेडची रांग २, ४ आणि ६ बॉस मारल्यावर उघडते, डंजनची १, ४ आणि ८ डंजनांवर. तुमच्या गिल्डचे सहा-सात बॉस पडतात म्हणजे नुसत्या रेडवर तुमचे तीन खाने उघडतात. आठ डंजन करून तुम्ही ते तीनाचे सहा करता, आणि शेवटी उचलता किती? एकच वस्तू. त्यातही तिसऱ्या खान्यातल्या वस्तूची पातळी तुमच्या आठांपैकी सगळ्यात हलक्या डंजनवरून ठरते. मिथिक प्लसच्या (डंजनच्या चढत्या काठिण्याच्या प्रकाराच्या) उंच कीमधून (अवघड फेरीतून) व्हॉल्टला येणारी वस्तू हिरोइक रेडच्या वस्तूपेक्षा सरस असते हे खरं, आणि तुमचं उत्तर तेच असणार हे आम्हाला माहीत आहे. पण तिच्यासाठी एक चांगली की पुरते. डंजनला अर्धा-पाऊण तास, गट जमवायला दहा-पंधरा मिनिटं. एक डंजन म्हणजे एक तास, आठ म्हणजे एक अख्खा कामाचा दिवस. आठवड्याला एक करा, हौस आली तर चार. आठ कधीच नको.

इथे हीलर असण्याची एक खास अडचण आहे. डॅमेज करणाऱ्यांना गटात जागा मिळवायला ताटकळावं लागतं आणि त्या कंटाळ्यानेच त्यांचं खेळणं आपोआप आटोक्यात राहतं. हीलर मात्र सगळ्यांनाच हवा असतो. तुम्ही लॉगिन केलं की पाच मिनिटांत दोन व्हिस्पर (खासगी निरोप) येतात, 'एक की करायची का, हीलर नाहीये'. नाही म्हणणं जड जातं. त्यामुळे रेड नसलेल्या रात्री मित्रयादीत आपली स्थिती 'व्यस्त' किंवा 'ऑफलाइन' दाखवा, आणि ठरलेली एक की कोणाबरोबर करायची ते रेड संपतानाच ठरवून टाका.

दुसरं ठिकाण तीन पात्रांच्या वर्ल्ड क्वेस्ट. २०२४ च्या द वॉर विदिन या विस्तारापासून वॉरबँड (एका अकाउंटच्या सगळ्या पात्रांचा एकत्र संच) आल्यावर बरंचसं रेनाउन (गेममधल्या गटांकडे मिळणारी पत) अख्ख्या अकाउंटला सामायिक झालंय. म्हणजे तेच काम तीनदा करून जे मिळायचं त्यातलं बरंच आता एकदा करूनच मिळतं. तरी तुम्ही तीनदा करत असाल तर ती जुन्या दिवसांची सवय आहे, तिला आता कारण उरलेलं नाही. तीनपैकी एकच पात्र चालू ठेवा. बाकी दोघांना डिलीट मात्र करू नका. रागाच्या भरात केलेलं डिलीट हे निव्वळ नाटक ठरतं. पात्र परत मिळवायची सोय गेममध्येच आहे आणि ती कुठे आहे हे दोन दिवसांत तुम्हाला आठवतंच. गिअर (शस्त्रं-चिलखत) वाटून टाकणं, सोनं दान करणं हेही त्याच जातीचं. परत आलात की ते भरून काढायला दुप्पट रात्री जातात.

तिसरं ठिकाण घोडा. इन्व्हिन्सिबल, म्हणजे हाच घोडा, पडण्याची शक्यता खेळाडूंच्या नोंदींनुसार साधारण १ टक्का. तुम्ही १४० वेळा लिच किंगला मारलंत, आता घोडा पडायलाच हवा असं वाटतंय. गणित असं: प्रत्येक वेळी न पडण्याची शक्यता ९९ टक्के, ती १४० वेळा स्वतःशीच गुणली की जवळजवळ २४ टक्के उरते. म्हणजे १४० वेळा प्रयत्न केलेल्या दर चार जणांपैकी एकाकडे आजही घोडा नाही. तुम्ही त्या चौघांतले एक, यापेक्षा त्यात वेगळं काही नाही. आणि १४१ व्या वेळी शक्यता किती? पुन्हा १ टक्का. मागचे १४० त्या फाशाला ठाऊकच नसतात. बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की प्राणी जास्त चिवटपणे कळ दाबत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं. इथे ती कळ आठवड्यातून तीनदाच दाबता येते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्येक फेरीला अर्धा तास धरला तर वर्षाकाठी ७५ तासांच्या वर जातात. ज्या दिवशी चौथ्या रकान्यात सलग तीनदा 'नाही' येईल त्या दिवशी घोडा बंद.

'पण मग मी मागे पडेन' ही भीती कुठून येते ते समजून घेण्यासारखं आहे. हा गेम २००४ मध्ये बाजारात येण्याआधी चाचणीत असताना बराच वेळ खेळलेल्या पात्राला अनुभवाचे गुण निम्मे मिळायचे. हेतू हा की लोकांनी उठावं. चाचणी खेळाडू चिडले. मग नियम तोच ठेवून नाव उलटं केलं: निम्मे गुण हे 'नेहमीचे' झाले आणि आधीचे पूर्ण गुण 'विश्रांतीचा दुप्पट बोनस' झाले. आकडे जवळपास तेच, पण तक्रार संपली. तुमच्या रोजच्या कामांचंही तसंच आहे. न केलेली वर्ल्ड क्वेस्ट म्हणजे नुकसान, हे नाव गेमने दिलंय. ती केली तर वरकमाई, असं नाव तुम्ही देऊ शकता.

आता झोप. दोन वाजण्याचं खरं कारण रेड नाही, ती साडेअकराला संपते. अडीच तास जातात ते नंतर: लूट कोणाला गेली यावर गप्पा, 'चल एक की', मग लिलावघरात एक चक्कर. तीन तास एकाग्र राहून, शेवटच्या बॉसवर दहा वाइप (सगळी टीम मरणं) खाऊन डोकं तापलेलं असतं, लगेच झोप येत नाही, म्हणून माणूस तिथेच बसून राहतो. उपाय साधा पण क्रम पाळा. शेवटचा बॉस पडला की आधी लॉगआउट, व्हॉइस चालू राहू दे. गप्पा हेडफोन लावून, स्क्रीन बंद करून, पाणी पीत, पंधरा मिनिटं. मग व्हॉइसही बंद. गप्पांना कात्री लावायची नाही, त्या तर तुमच्या चौथ्या रकान्यात 'हो' मिळवतील.

राउटरवर वेळ लावून त्या यंत्राचं इंटरनेट तोडायची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. ती वापरा, पण वेळ ११:३० नको, १२ लावा. ठोक साडेअकराला तुटलं आणि तेव्हा बॉस ५ टक्क्यांवर असला तर सतरा जण तुमच्यामुळे मरतील, तुम्ही शरमेने ती सोय काढून टाकाल आणि ती पुन्हा कधी लागणार नाही. पासवर्ड बायकोकडे देऊ नका. तिला घरातली पोलीस करायची, मग तिच्याशीच पासवर्डसाठी वाद घालायचा, यापेक्षा उपाय न केलेला परवडला. गेमचा लाँचर संगणकाबरोबर आपोआप सुरू होत असेल तर सेटिंगमधली ती खूण काढा. डिस्कॉर्डवर गिल्डचा सर्व्हर म्यूट करून फक्त तुमच्या नावाने आलेला निरोप वाजेल असं ठेवा.

गिल्डला सांगायचं कसं, याचीच बहुतेकांना धास्ती असते. तुमचं सोपं आहे. नॉर्मल आणि हिरोइक रेड १० ते ३० जणांत कितीही जणांनी खेळता येते, आणि बॉसची ताकद माणसांच्या संख्येप्रमाणे बदलते. मिथिक या सगळ्यात अवघड पातळीला मात्र बरोबर २० लागतात, तिथे एक हीलर गळला तर रात्र रद्द होऊ शकते. तुमच्या अठरांत चारपैकी एक हीलर नसला तर तीन हीलरवर रेड निघते. गिल्ड चालवणाऱ्या ऑफिसरला एवढंच लिहा: 'या महिन्यापासून मी दोन्ही रात्री ८:३० ते ११:३० येणार, त्यानंतर नाही. महिन्यातून एक रात्र सुट्टी घेईन, तारीख आठवडाभर आधी सांगेन. मधल्या दिवशी की करणार नाही, एक सोडून.' कारणं देऊ नका, माफी मागू नका. ऑफिसरला आधी सांगून न येणाऱ्या माणसाचा त्रास कमी होतो, ऐनवेळी न येणाऱ्याचा जास्त. एवढ्यावरून जी गिल्ड तुम्हाला काढेल ती तुमच्यासाठी नव्हतीच, आणि हीलरला दुसरी गिल्ड मिळायला वेळ लागत नाही.

आता बायकोचा शब्द, व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावर ताबा न राहणं, आयुष्यातल्या बाकी गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढणं. हे सगळं घरच्या, कामाच्या, माणसांच्या व्यवहारात ठळक बिघाड करण्याइतकं असावं लागतं, आणि सहसा १२ महिने दिसावं लागतं. किती तास याचा आकडा त्या व्याख्येत नाही. आठवड्याला २२ तास खेळणारा ठणठणीत असू शकतो आणि १२ तासवाला अडकलेला.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आम्हाला खटकल्या. झोप, आणि 'ऑफिसचं काम आहे'. किती खेळतो याबद्दल घरच्यांची दिशाभूल करणं हा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मधल्या नऊ निकषांपैकी एक आहे. एका निकषावरून निदान होत नाही, तिथे पाच लागतात आणि तेही पुढील अभ्यासासाठी सुचवलेलं निदान म्हणून. पण खोटं बोलावं लागलं ते रेडसाठी, म्हणजे ज्याची मजा येते असं तुम्ही म्हणता त्याच गोष्टीसाठी. ती उघडपणे मागता येत नसेल तर का, हे स्वतःला विचारा. आमचा अंदाज असा की बाकीचे पाच दिवसही गेमनेच खाल्लेत, म्हणून सोमवार आणि गुरुवार मागायला तोंड उरलेलं नाही. मधले दिवस मोकळे झाले तर त्या दोन रात्री मागता येतील.

वर सांगितलेलं सगळं सहा आठवडे करून पाहा. कात्री लावली की पहिले काही दिवस चिडचिड होईल, हात सारखे माउसकडे जातील, ते अपेक्षित आहे. पण सहा आठवड्यांनीही रात्री बारा वाजता गेमवरून उठता येत नसेल, नोकरीत चुका वाढल्या असतील, पैसे लपवून खर्च होत असतील, किंवा मन इतकं खालावलं असेल की गेम सोडून कशातच रस नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला गाठा. यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी आहे. जाताना नोंदीचा कागद बरोबर न्या, पहिली अर्धी भेट वाचते. खालावलेलं मन आधी आणि गेम नंतर असा क्रम असेल तर तेही सांगा, कारण मग उपचाराची सुरुवात दुसरीकडून होते.

पूर्ण थांबायचं ठरवलंतच तर सबस्क्रिप्शनचं आपोआप नूतनीकरण बंद करा. पात्रं, सोनं, घोडे सगळं अकाउंटवर राहतं, घाई कसलीच नसते. (फायनल फँटसी फोर्टीनमध्ये ज्यांचं घर आहे त्यांनी मात्र लक्षात ठेवावं, ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर ते पाडलं जाऊ शकतं, आणि त्या घरापायी कित्येक जण पैसे भरत राहतात.) थांबण्याआधी सोमवार आणि गुरुवार साडेआठला काय करणार ते लिहून ठेवा, माणसं असलेलं काहीतरी. गिल्डमधल्या दोन-तीन जणांचे फोन नंबर घेऊन ठेवा म्हणजे त्यांच्याशी बोलायला लॉगिन करावं लागणार नाही. नाहीतर पुन्हा दहा दिवस आणि पुन्हा गुरुवार.

शेवटी एक खबरदारी. नवा पॅच (गेममधली मोठी नवी भर) आला की पहिले दोन आठवडे हे सगळे नियम मोडतील. नवी रेड, नवं गिअर, सगळी गिल्ड रात्रभर जागी. तेव्हा स्वतःशी भांडत बसण्यापेक्षा आधीच ठरवा: त्या दोन आठवड्यांत तीन रात्री रेड आणि चार की, बारा वाजेची मर्यादा तीच, आणि पंधराव्या दिवशी मूळ वेळापत्रक. पॅचची तारीख काही आठवडे आधी जाहीर होते. ती कळली की त्याच दिवशी बायकोला दोन्ही तारखा सांगा, सुरू होण्याची आणि संपण्याची.